बाजू वाचणारी

चष्म्याच्या दुकानात तपासणीला बसणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण दिसतं तेवढं वाचतात आणि थांबतात. काही जण दिसेनासं झालं तरी वाचतच राहतात, कारण आधीचं गिऱ्हाईक तीच ओळ वाचताना त्यांनी बाकावर बसून ऐकलेलं असतं. वहिनीला हे आवाजावरून कळायचं. आठवून वाचणाऱ्याचा आवाज जरा जास्तच ठाम असतो. मग ती तक्ता पलटायची. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. "आठवतंय ते नको," ती म्हणायची, "दिसतंय ते सांगा."

दुकानात तिला सगळेच वहिनी म्हणत. तिचा दीर जाता-येता दुकानात डोकावून तशी हाक मारायचा. मालकाने ती उचलली, मग काचा घासणाऱ्या कारागिराने, आणि आता तर तिच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंही "वहिनी, जरा दांडी घट्ट करून द्या" म्हणत.

नवरा गेल्यावर ती लवकरच कामावर हजर झाली. मालक म्हणाला, "वहिनी, थोडे दिवस घरी बसा की."

"घरी बसून काय करू?"

मालकाने तिला फ्रेम पुसायचं फडकं दिलं.

नवरा सकाळी दाढी करताना गेला होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता. वहिनीने आधी तो फेस पुसला आणि मग दिराला फोन केला. पुढे दिराने विचारलं होतं की आधी फोन का नाही केलात, तेव्हा ती म्हणाली, "लोक येणार होते ना." दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गालाचं होतं, तसं त्या दिवसापासून तिचं झालं होतं. गाल जागेवर असतो, हाताला लागतो, पण तो आपला आहे असं वाटत नाही. भूक लागायची वेळ झाली की ती जेवायची. मुलगी समुद्रापलीकडच्या शहरात नोकरीला होती. ती दर रात्री फोन करून विचारायची, "आई, रडलीस का गं?"

"नाही."

"मग रड ना एकदा. मोकळी हो."

"बघते," वहिनी म्हणायची, एखाद्या दुरुस्तीला आलेल्या फ्रेमबद्दल म्हणावं तसं.

त्या दिवशी दीर दुकानात आला तो डोकावून गेला नाही, आत येऊन स्टुलावर बसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न केलेलं नव्हतं, आणि पँटच्या खिशात कायम एखादा स्क्रूड्रायव्हर असल्यामुळे कुठेही बसताना तिरका बसायचा.

"वहिनी, घाटशेडचं इंजिन येतंय," तो म्हणाला.

वहिनीने हातातली फ्रेम खाली ठेवली. एवढं बोलल्यावर ती खाली ठेवायला हवी, इतकं तिला ठाऊक होतं.

दोघा भावांना इंजिनांचं वेड होतं. वेड म्हणजे काय, तर सुट्टी आली की लोक डोंगरावर किंवा समुद्रावर जातात आणि हे दोघे मालधक्क्यावर जात. त्यातही आपल्याच शहरातल्या शेडची इंजिनं त्यांना नको असायची. प्रत्येक इंजिनाला एक घर असतं. ज्या शेडमध्ये त्याची देखभाल होते, तिचं नाव ड्रायव्हरच्या खिडकीखाली बारीक अक्षरांत रंगवलेलं असतं. दोघांना हवं असायचं ते परमुलखातलं, घरापासून लांब आलेलं, वाट चुकल्यासारखं इथे उगवलेलं इंजिन. त्याला ते पाहुणं म्हणत. पाहुणं दिसलं की नवरा घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचा.

आणि सगळ्या पाहुण्यांत जे कधीच येणार नव्हतं, ते घाटशेडचं. तिथेच दोघांचा जन्म झाला होता आणि तिथेच त्यांचे वडील ड्रायव्हर होते. घाटशेडची इंजिनं गाडी ओढत नसत. जड गाडी चढाला लागली की मागून रेटा द्यायचा, माथ्यावर पोचवायचं, सुटं व्हायचं आणि परत पायथ्याशी यायचं. वडील आयुष्यभर प्रवास करत होते आणि एका गावाच्या बाहेर गेले नव्हते. इंजिनांचंही तेच. त्या चढाशिवाय त्यांनी दुसरा रूळ पाहिलेला नव्हता.

"कशाला येतंय?" वहिनीने विचारलं.

"झेंडीकाकांची बातमी आहे, इंजिनाच्या नंबरासकट. मोठ्या दुरुस्तीला पुढच्या कारखान्यात चाललंय म्हणे. उद्या सकाळी, खडीच्या गाडीला लावून." झेंडीकाका म्हणजे निवृत्त गार्ड. नोकरी सुटली तरी त्यांची स्टेशनवरची हजेरी सुटली नव्हती. "एकदाच जाणार आहे इथून. परत कुठल्या रस्त्याने नेतील, सांगता येत नाही."

"बघा मग."

"एकट्याने कसं बघू?"

हे खरं होतं, आणि वहिनीला माहीत होतं. भावांची एक पद्धत होती. धावतं इंजिन एका माणसाला पुरं वाचता येत नाही. समोरून नंबर वाचेपर्यंत बाजू निघून जाते. म्हणून धाकटा पादचारी पुलावर उभा राहून समोरचा नंबर घ्यायचा, आणि थोरला फलाटाच्या टोकाला, खिडकीखालचं घर वाचायला. पाहुणं असेल तर थोरल्याने उजवा हात वर करायचा. इथलं असेल तर हात खाली. पुलावरून हात दिसला तरच इंजिन पाहिलेल्यांत धरायचं, नाहीतर सोडून द्यायचं. लिहून दोघांनी कधी काही ठेवलं नाही. एकाने पाहिलेलं दुसऱ्याला आठवायचं, तेवढाच पुरावा. लोक थट्टा करत की यांच्यात एक इंजिन अर्धंअर्धं वाटून घेतात.

"काकांना उभं करा ना टोकाला," वहिनी म्हणाली.

"काकांना? तुम्हीच तपासलंत त्यांना. खांब कुठला आणि स्टेशनमास्तर कुठला, हे सांगता येईना म्हणून परत पाठवलंत."

"ऑपरेशन करा म्हटलं होतं मी."

"त्यांना वाटतं जग धूसर झालंय, त्यांचे डोळे नाही." दीर स्टुलावर सरकून बसला. "तुम्ही याल का? बाजू वाचायला? दादाने एवढी वर्षं वाट बघितली. आलंच आहे तर कुणीतरी धरायला पाहिजे. दोघांसाठी."

मालक काउंटरमागून सगळं ऐकत होता. "जा की वहिनी," तो म्हणाला. "सकाळी गिऱ्हाईक नसतंच. असलं तर मी वाचून घेतो त्याच्याकडून."

"तुम्ही त्यांना सगळ्यांना पास करता," वहिनी म्हणाली, आणि दिराला येते म्हणून सांगितलं.

रात्री तिने मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, "तुला तर त्या इंजिनांचा राग यायचा ना, आई?"

"यायचा."

"आता?"

"आता काही नाही येत."

राग यायचा हे खरं. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेरगावी गेले, तेव्हा नवऱ्याने तिला एका जंक्शनच्या फलाटावर उभं करून ठेवलं होतं. तिने तेव्हाच विचारलं होतं, इंजिन ते इंजिन, आपलं काय आणि दुसरीकडचं काय, त्यात असतं तरी काय? तो विचार करून म्हणाला होता, "गंमत असते." यापलीकडे त्याला सांगता आलं नाही. तिनेही परत विचारलं नाही. संसारात असे बरेच प्रश्न एकदाच विचारायचे असतात, हा त्यातलाच असावा असं तिने धरलं.

सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून स्टेशनवर गेली. दीर आधीच पुलावर होता. झेंडीकाका फलाटाच्या टोकाला पाण्याच्या नळापाशी उभे होते. ते तिला "या, या" म्हणाले, पण ते बाजूच्या खांबाकडे बघून.

"इकडे आहे मी, काका."

"ठाऊक आहे की. उन्हाकडे बघत होतो." त्यांनी मान वळवली. "तुमचे मिस्टर इथेच उभे राहायचे. बरोब्बर या फरशीवर. पुढे नाही, मागे नाही. पुढे गेलं की इंजिन अंगावर येतं आणि अक्षरं तिरकी होतात."

वहिनी त्या फरशीवर उभी राहिली. फरशी इतर फरशांसारखीच होती. इथे उभं राहिल्यावर काहीतरी होईल असं तिला वाटलं असतं तर ठीक होतं, पण तिला तसं वाटलंही नव्हतं. पुलावर दीर कठड्याला पोट टेकून उभा होता. त्याने हात हलवला. तिने हात हलवला नाही. आज हाताला काम होतं आणि उगाच घोळ नको.

"घाटशेडची सगळी इंजिनं काळीनिळी असतात," काका म्हणाले. "रेटा देऊन देऊन पुढचं तोंड सपाट झालेलं. बघाल तुम्ही. मला आवाजावरून कळेल."

सिग्नल पडला. इंजिन वळणावरून आलं ते सावकाश, कारण पुढे काम चालू होतं. निळं, मळलेलं, पुढचे बंपर घासून चकाकणारे. वर दिराने नंबर वाचला असणार, कारण तो कठड्यावरून जवळजवळ अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "तेच आहे." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. आता बाजू.

वहिनीने बाजू वाचली.

खिडकीखाली एक चौकोन बाकीच्या निळ्यापेक्षा जास्त निळा होता. ताजा रंग. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इथल्या, याच शहरातल्या शेडचं नाव होतं. ऊन तिरपं पडलं होतं, म्हणून ताज्या रंगाखाली जुनी अक्षरं फुगीर दिसत होती, थरावर थर चढवलेली, अनेक वर्षांची. घाटशेडचं नाव. वरून रंग दिलाच नसावा इतकं ते स्पष्ट होतं. तिने दोन्ही नावं वाचली. वाचणं हा तिचा रोजचा धंदा होता, त्यात तिला वेळ लागला नाही.

"आलं का?" काका विचारत होते. "तेच ना? तेच का?"

पुलावर दीर हाताकडे बघत होता.

हात वर करायला काही लागत नव्हतं. पिशवी डाव्या हातात होती. उजवा मोकळा होता. काकांना दिसलं नसतं, दिराला एवढ्या लांबून कळलं नसतं, आणि ज्याने चूक काढली असती तो नव्हता. हात वर गेला असता तर दिराला त्याच्या वडिलांच्या शेडचं इंजिन मिळालं असतं, आणि तो जन्मभर ते सांगत राहिला असता. आणि टोकाला उभं राहून दिसेल तेच सांगणारा जो माणूस होता, तो मग खरोखरच कुठे उरला नसता. एवढं सगळं तिला इंजिन पुढून जाईपर्यंत कळलं, आणि कळताना कुठेही दुखलं नाही. हात खालीच राहिला. खडीचे डबे एकामागून एक गेले.

दीर जिना उतरून आला. त्याचा गुडघा धड नव्हता, त्यामुळे वेळ लागला. तो जवळ येऊन म्हणाला, "दिसलं नाही ना, वहिनी? ऊनच तसं होतं. मलासुद्धा वरून त्रास होत होता."

ही वाट तो तिला करून देत होता. वयस्कर गिऱ्हाइकांना ती स्वतः अशी वाट करून द्यायची, म्हणायची की आज उजेडच कमी आहे.

"दिसलं," ती म्हणाली. "इथलं आहे."

"इथलं कसं? नंबर तोच आहे. मी वाचला ना."

"नंबर तोच असेल. नाव इथल्या शेडचं आहे. नवा रंग आहे. खाली जुनी अक्षरं दिसतात, फुगलेली."

"जुनी म्हणजे घाटशेडची?"

"हो."

"मग घाटशेडचंच झालं की."

"होतं," वहिनी म्हणाली.

दीर काकांकडे वळला. काका नळाकडे बघून म्हणाले, "म्हणजे बदली झाली. घाटात नवी इंजिनं आलीत म्हणतात. जुनी वाटून टाकली असतील. हे इथे खडी ओढायला दिलं."

"तुम्ही तर दुरुस्तीला म्हणालात."

"मी म्हटलं येतंय. आलं की नाही?"

तिघे बाकावर बसले. बाक लोखंडी होता. दीर नेहमीसारखा तिरका बसला आणि बराच वेळ हाताचे पंजे चोळत राहिला.

"दादाने पण हात वर केला नसता," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"मी केला असता."

"तेही माहीत आहे, भाऊजी."

तो हसला. हसू पुरं झालं नाही. "म्हणून तर मला तो कधी टोकाला उभं करायचा नाही." मग म्हणाला, "आता रोज जाईल इथून. सकाळी भरलेलं, संध्याकाळी रिकामं. आठवड्याभरात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. मीही नाही बघणार."

"का?"

"इथलं झालं ना ते."

तेव्हा वहिनीने विचारलं. "भाऊजी, मला सांगा, काय गंमत असते त्यात? दुसरीकडचं इंजिन इथे बघण्यात?"

दिराने काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. "आता कसं सांगू," दीर म्हणाला. "माझंच घ्या. मी रोज लोकांच्या लिफ्टमध्ये असतो. लोक येतात, माझ्याकडे बघून बटण दाबतात, उतरतात. मला कुणी बघितलेलं नसतं. एकदा दादाचा कोट घालून बँकेत गेलो, तर तुमचे मालक रांगेत होते, ते मला 'आपण कोण' म्हणाले. आणि मग ओळखल्यावर काय बघत राहिले, काय बघत राहिले. मी तोच होतो. पण त्या दिवशी त्यांना दिसलो." त्याने रुळांकडे बोट केलं. "इथलं इंजिन आलं की आपण गाडी आली म्हणतो. बाहेरचं आलं की इंजिन आलं म्हणतो. एवढंच असेल."

तेव्हा वहिनीने एक गोष्ट सांगितली. ती कुणाला सांगितलेली नव्हती. सांगण्यासारखी आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

खूप वर्षांपूर्वी ती बहिणीकडे गेली होती, लांबच्या शहरात. नवरा ऑफिसच्या कामाने त्या बाजूला फिरत होता, पण तो त्याच शहरात असेल हे तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी ती रस्त्याच्या कडेने चालली होती आणि पलीकडे फळांच्या दुकानात एक माणूस मोसंबी निवडत होता. एक उचलायचा, वजन तळहातावर घ्यायचा, वास घ्यायचा, ठेवायचा. मान पुढे झुकलेली. मानेवरचे केस वाढलेले. कोण हा एवढा जपून मोसंबी घेणारा माणूस, असं तिच्या मनात आलं. बरा दिसतोय, असंही आलं. आणि मग तिला कळलं की हा आपला नवरा आहे. कळल्यावरही तिने लगेच हाक मारली नाही. उभी राहून बघत राहिली. तेवढ्यात एक बस मध्ये आली.

"घरी कधी तसं बघितलं नाही मी त्यांच्याकडे," ती म्हणाली. "वेळच आली नाही. समोरच असायचे."

दीर तिच्याकडे बघत होता. "दादाने सांगितलं होतं मला," तो म्हणाला.

"काय?"

"हेच. मोसंबीचं. फळवाल्याकडे मागे आरसा असतो ना, फळं दुप्पट दिसावीत म्हणून? त्यात तुम्ही दिसलात त्याला. रस्त्यापलीकडे. म्हणाला, हाक मारणार होतो, पण ही बघतेय. बघू दे म्हटलं थोडं. म्हणून घेत बसला मोसंबी. फळवाला वैतागला, म्हणे साहेब, लग्न करायचंय का या मोसंबीशी?"

काका हसले. वहिनीला आठवलं, त्या रात्री तो बहिणीच्या घरी पिशवी भरून मोसंबी घेऊन आला होता. एवढी कशाला आणलीत, ती म्हणाली होती. स्वस्त होती, तो म्हणाला होता. ती स्वस्त नव्हती. मोसंबीचा मोसमही नव्हता. बहिणीने शेजाऱ्यांना वाटली तरी उरली होती.

"मला नाही बोलले कधी," ती म्हणाली.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

वहिनीने बाकाच्या कडेवर हात टेकला. ऊन चढलं होतं आणि लोखंड तापलं होतं. तापलंय हे तिला कळलं, पण हात तिने तसाच राहू दिला. थोड्या वेळाने पोळलं, तेव्हा तिने तो उचलून मांडीवर घेतला आणि तळवा बघितला. लाल झाला होता.

"काय झालं?" काकांनी विचारलं. त्यांना एवढंही दिसलं नव्हतं, पण हालचाल कळली होती.

"काही नाही. भाजलं जरा."

दिराने नळावरून रुमाल ओला करून आणला. तिने तो तळव्यावर गुंडाळला. "काका, तुम्ही ऑपरेशन कधी करताय?" तिने विचारलं. "मी मालकांशी बोलते. डॉक्टर ओळखीचे आहेत."

"करू की. घाई काय आहे?"

"खांबाला या, या म्हणालात तुम्ही."

"खांबाने वाईट वाटून घेतलं का?" काका म्हणाले, आणि दीर या वेळी नीट हसला.

ती दुकानात परतली तेव्हा एक बाई तपासणीच्या खुर्चीवर होती आणि मालक तिला पास करायच्या बेतात होता. वहिनीने पिशवी ठेवली, तक्ता पलटला आणि बाईला पुन्हा वाचायला सांगितलं. बाई तिसऱ्या ओळीवर अडली. "दिसत नाही," ती म्हणाली, जरा ओशाळून.

"बरोबर," वहिनी म्हणाली. "असंच सांगायचं."

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायच्या सुमाराला दूरवर एक शिट्टी झाली. कारागिराने मान वर केली नाही, मालकानेही नाही. वहिनी फडकं हातात घेऊन, शिट्टी विरेपर्यंत उभी राहिली. रिकामे डबे जात असणार.

रात्री मुलीचा फोन आला. तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विसरली असेल किंवा दमली असेल. "काय केलंस आज, आई?" एवढंच म्हणाली.

"इंजिन बघितलं एक."

"हो, तेच ना? मिळालं? कुठलं होतं?"

वहिनीने तळवा उजेडाकडे धरला. मध्यभागी अजून हुळहुळत होतं.

"इथलंच," ती म्हणाली.